समुद्रातल्या प्राण्याला ‘अळी’ म्हणावं का?

तासगावहून: शाळेच्या भित्तिपत्रिकेसाठी समुद्रातल्या गांडुळासारख्या प्राण्यांवर लिहिते आहे. बातम्यांत ‘समुद्री अळी’ असं छापून येतं. मला ते खटकतं, पण का ते सांगता येत नाही. कृमी लिहू का?

वाईहून: खटकतं ते बरोबर आहे. आपल्याकडे अळी म्हणजे पुढे वेगळंच रूप घेणारा जीव. मक्यावरच्या लष्करी अळीचा पतंग होतो, उसातल्या हुमणीचा भुंगेरा. इंग्रजीत अळीला आणि गांडुळाला एकच शब्द चालतो, घोळ तिथून येतो. शिवाय समुद्रातल्या या प्राण्यांपैकी बहुतेकांचं बालपणही निराळं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू भोवऱ्यासारखं दिसतं, कमरेभोवतीच्या बारीक केसांनी पोहतं आणि पुढे लांब होऊन तळाशी जातं. मोठ्यालाच अळी म्हटलं तर याला काय म्हणणार? विश्वकोशात त्यासाठी ‘डिंभ’ आहे. कोश आमच्या वाईत तयार झाला म्हणून सांगत नाही, शब्द खरोखर नेमका आहे.

मिरजेहून: ‘कृमी’ लिहा, पण ते कुळाचं नाव नव्हे हेही लिहा. तो ‘वेल’सारखा शब्द आहे. द्राक्षाची वेल, नरवाडच्या पानमळ्यातली वेल, काकडीची वेल, म्हणून काही त्यांची भावकी एक होत नाही. पोटातला गोल जंत आणि गांडूळ दोघेही कृमीच. पण 1997 साली जनुकांची तुलना झाली आणि जंत कीटक-खेकड्यांच्या, म्हणजे कात टाकणाऱ्यांच्या बाजूला गेला. गांडूळ मात्र गोगलगाय-शिंपल्यांच्या जवळचं. समुद्री शिंपल्यांचा डिंभही तसाच भोवऱ्यासारखा असतो!

तासगावहून: मग ‘समुद्री गांडूळ’? मुलांना लगेच कळेल.

मिरजेहून: कळेल, पण नातं उलटं होईल. अंगाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांच्या जुड्या असलेले पॉलिकीट कृमी हे थोरलं घर. गांडूळ आणि जळू त्याच घरातून फुटलेल्या फांद्या. थोरल्याला धाकट्याचं नाव कसं द्यायचं?

वाईहून: आणि गांडुळाला डिंभही नसतो, कोषातून थेट इवलंसं गांडूळच बाहेर येतं.

तासगावहून: पटलं, ‘पॉलिकीट कृमी’ लिहिते. आता शेवटचा शब्द. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांजवळचा पालोलो कृमी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कृष्ण अष्टमीच्या सुमारास, अंडी किंवा शुक्राणूंनी भरलेला मागचा भाग तोडून पाण्यात सोडतो. तो भाग वर जाऊन फुटतो, पुढचा भाग खडकात जिवंत राहतो आणि शेपूट पुन्हा वाढते. नेरीस कृमी मात्र अख्खाच बदलतो, डोळे मोठे होतात, वर पोहत येतो, अंडी सोडतो आणि मरतो. हा फरक मुलांना एका शब्दात कसा सांगू?

मिरजेहून: नेरीस म्हणजे बांधावरची घायपात. एकदाच फुलते आणि वाळते.

वाईहून: आणि पालोलोला तर आपल्याकडे शब्द तयारच आहे की. ऊस तोडला, बुडखा राहिला, पुन्हा फुटला. खोडवा!

तासगावहून: खोडवा! आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. तोच लिहिते.