हिपॅटायटिस बी/सीची रॅपिड किट: पुसट रेघ धरायची का?

काउंटरमागचा:
औषध दुकानात बोटाच्या रक्तावर हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) आणि सी (अँटी-एचसीव्ही) तपासायला सुरुवात करतोय. परवानगी, प्रशिक्षण झालंय. दोन शंका आहेत. कंट्रोलची (किट नीट चालली हे दाखवणारी) रेघ ठळक, पण टेस्टच्या जागी अगदी पुसट, तर काय धरायचं? आणि सी पॉझिटिव्ह आला तर समोरच्याला नेमकं काय सांगायचं?

लॅबवाली:
ठरल्या वेळेत उमटली असेल तर पुसट रेघही पॉझिटिव्हच. रेघेच्या रंगावरून विषाणू किती आहे ते मात्र कळत नाही. बऱ्याच किट १५ ते २० मिनिटांत वाचायच्या असतात, काहींची वेळ वेगळी, तेव्हा किटसोबतचं पत्रकच प्रमाण. मुदतीनंतर पट्टी वाळताना उमटलेली रेघ धरायची नाही. म्हणून रक्त टाकल्याची वेळ कॅसेटवरच (पट्टीच्या प्लास्टिक कवचावर) लिहा; काउंटरवर गर्दी झाली की हेच पहिलं विसरतं.

खरा घोळ त्याच्या आधी, रक्त घेताना होतो. मधलं बोट किंवा अनामिका घ्या, टोकाला नव्हे तर कडेला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलंत की ऊतींमधलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो. त्यापेक्षा टोचण्याआधीच हात कोमट करून खाली लोंबू द्या. पिपेटमध्ये बुडबुडा शिरला तर रक्त कमी पडतं. जास्त झालं तर पट्टी लाल राहते आणि पुसट रेघ त्यातच लपते. एका किटचं बफर (सोबतचं द्रावण) दुसऱ्या किटला चालत नाही. किट फ्रिजमध्ये असेल तर पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

कंट्रोलची रेघच नाही? तपासणी बाद. नवी कॅसेट, नवं लॅन्सेट (टोचायची सुई).

यकृतमित्र:
सीबद्दल. अँटी-एचसीव्ही म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, विषाणू नव्हे. ज्याच्या शरीरानं विषाणू स्वतःहून घालवला किंवा जो औषधांनी बरा झाला, त्याचीही ही तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. म्हणून ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असं काउंटरवर म्हणू नका. ‘या विषाणूशी कधीतरी संपर्क आलाय, आत्ता तो रक्तात आहे का हे आरएनए तपासणीवरून कळेल’ एवढंच सांगा, आणि आरएनएसाठी कुठे, केव्हा जायचं ते त्याच वेळी हातात द्या. ‘नंतर बघू’ म्हणून गेलेला माणूस सहसा परतत नाही. आरएनए पॉझिटिव्ह आलाच तर साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, हेही सांगा. पण त्या गोळ्यांआधी बीची तपासणी हवीच, कारण सी हटताना दबलेला बी उसळू शकतो.

काउंटरमागचा:
आणि निगेटिव्ह आला तर? निश्चिंत?

यकृतमित्र:
नाही. सीची प्रतिपिंडं दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. त्यामुळे अलीकडे सुई टोचली असेल किंवा रक्ताशी संपर्क आला असेल तर आरएनए करा किंवा पुन्हा तपासा. डायलिसिसवरचे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यात प्रतिपिंडं कधीकधी उमटतही नाहीत.

बीमध्ये एचबीएसएजी निगेटिव्ह म्हणजे आत्ता संसर्ग दिसत नाही, इतकंच. संरक्षण आहे असं नव्हे. लस झाली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांचे डोस सुचवा.

लॅबवाली:
उलटही होतं. बीची लस घेतल्यावर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. टोचण्याआधीच ‘नुकतीच लस घेतलीय का’ विचारून घ्या.