पिंजऱ्याला गंज धरलाय, घासून वापरू की बदलू?

पिसारा
घरी कोकाटीलची (छोट्या पोपटांची) जोडी आहे. पिंजरा लोखंडी, वरून पांढरं पावडर कोटिंग. पाण्याची वाटी अडकवतो तिथले गज आणि तळाच्या जाळीचे सांधे, एवढ्याच भागात कोटिंगचे पोपडे सुटलेत आणि आतून तांबूस गंज दिसतोय. बाकी पिंजरा धडधाकट आहे. मादी तिकडे फिरकत नाही, पण नर नेमका तिथेच चोच घालून पोपडे सोलत बसतो, त्याचीच काळजी वाटते. गंज घासून वरून रंग मारला तर चालेल का? की पिंजराच बदलावा? नवा घेतला तर कोणत्या धातूचा, जेणेकरून पुन्हा हीच वेळ येणार नाही?

निळी_बजी
रंग नको! डब्यावर 'बिनविषारी' लिहिलेलं असलं तरी नको. वाळलेल्या रंगाची हमी लहान मुलांच्या खेळण्यांसाठी देतात, दिवसभर चोचीने सोलणाऱ्या पक्ष्यासाठी नाही. शिवाय फवाऱ्याच्या रंगाचा वास पक्ष्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही. गंज सोडवायचे तेलाचे फवारेही पिंजऱ्याला लावू नका, ते तेल पिसांना लागतं आणि पिसं साफ करताना पोटात जातं.

तांबट
धातूकामात आयुष्य गेलं आणि पक्षीही बरीच वर्षं पाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निव्वळ लोखंडाचा गंज थोडासा पोटात गेला म्हणून कोकाटील लगेच आजारी पडत नाही. (मैना आणि टूकान यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या यकृतात लोह साठण्याचा आजार होतो, त्यांना गंजापासून लांबच ठेवावं.) खरी भीती गंजाबरोबर काय सुटतंय याची आहे. स्वस्त पिंजऱ्यांत कोटिंगच्या खाली बऱ्याचदा जस्ताचा मुलामा असतो, जुन्या पिंजऱ्यांच्या रंगात आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या सांध्यांत शिसं असू शकतं. जस्त आणि शिसं, दोन्ही पक्ष्यांना विषारी.

जस्ताचा मुलामा लोखंडाला वाचवतो तो स्वतः झिजून. आधी जस्त जातं, मग लोखंड गंजतं. म्हणजे मुलामा दिलेल्या तारेवर तांबडा गंज दिसला, तर तिथलं जस्त आधीच निघून गेलंय असं समजा. त्याआधी तारेवर पांढरी भुकटी येते. लोक तिला पाण्याचे डाग समजून सोडून देतात, पण खरी जपायची वेळ तीच.

सांधे आधी का गंजतात? मुलामा दिलेली तार नंतर वेल्ड केली, तर त्या उष्णतेने सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि तेवढी जागा उघडी राहते. उलट आधी वेल्ड करून अख्खी जाळी वितळलेल्या जस्तात बुडवली असेल तर सांध्यांवर जस्ताचे थेंब, गाठी राहतात. चोचीला त्या गाठी फार आवडतात. दोन्ही प्रकार वाईटच.

तुमचा नर पोपडे सोलतोय. मी असतो तर पिंजरा बदलला असता.

शेपटी
तांबट यांच्याशी सहमत. आमच्या लव्हबर्डला जस्ताची बाधा झाली होती, तीही पिंजऱ्यातून नाही, खेळण्याच्या घंटेतून. सुस्त बसायचा, पाणी खूप प्यायचा, शिट पातळ आणि हिरवी. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात धातूचे कण दिसले, रक्ताच्या तपासणीत जस्त वाढलेलं निघालं. धातू शरीराबाहेर काढणारी इंजेक्शनं घेऊन वाचला. यातलं एखादं लक्षण तुमच्या नरात दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा आणि तो पोपडे सोलतो हे आपणहून सांगा. उलट्या, झटके किंवा पाय लुळे पडणं दिसलं तर तासाचीही वाट बघू नका.

पिसारा
दोघंही खेळतात, खातात, शिट नेहमीसारखी आहे. तरी या आठवड्यात दाखवून आणते. पिंजरा बदलायचं ठरलं. स्टेनलेस स्टील घेताना लोहचुंबक लावून बघावं म्हणतात, ते खरं का?

तांबट
अर्धंच खरं. ३०४ या प्रतीच्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण २०१ नावाची हलकी प्रत आहे, तिलाही चिकटत नाही आणि ती ३०४ पेक्षा लवकर गंजते. उलट ४३० ला चिकटतो, तरी ते स्टेनलेसच. म्हणून विकणाऱ्याकडून प्रत लेखी घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, घरातल्या पिंजऱ्याला ते पुरतं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत राहत असाल तर ३१६ बघा, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त तोंड देतं. महाग आहे, पण तिथे ते लागतंच.

कड्या, साखळ्या, खेळणी अडकवायचे हूक हेही स्टेनलेसच घ्या. पिंजरा चांगला आणि हूक जस्ताचे, असं फार दिसतं.

कॅनरीवाला
थोडं वेगळं मत. फिंच आणि कॅनरी गज कुरतडत नाहीत. त्यांच्या पिंजऱ्याला बारीकसा गंज असेल तर पिंजरा टाकायची घाई नको, घासून आणखी काही काळ चालतो. वाकड्या चोचीच्या पक्ष्यांना, म्हणजे कोकाटीलसारख्या पोपटांना, मात्र हे लागू नाही.

पिसारा
नवा पिंजरा येईपर्यंत जुन्याचं काय करू? घासायचं कसं?

निळी_बजी
पक्षी दुसऱ्या खोलीत हलवा. सुटलेले पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्या, कोरडे खरवडू नका, धूळ उडते. मग पांढरं व्हिनेगर लावून नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा. व्हिनेगर जस्तालाही विरघळवतं, म्हणून मुलामा असलेला भाग त्यात भिजत ठेवायचा नाही. तारेची घासणी नको, तिचे बारीक तुकडे जाळीत अडकतात आणि तेच गंजतात. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. माणसालाही तो घातक, पक्षी तर गुदमरून मरेल. नंतर त्या गजांच्या आतल्या बाजूने अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लावून टाका, म्हणजे चोच पोचणार नाही.

नव्या पिंजऱ्यात आधी पाण्याची जागा बदला. वाटी गजांना टेकून अडकवली की मागे थेंब साचतात. ती जरा आत घ्या. अंघोळीचं भांडं वेगळं, अंघोळ झाली की बाहेर. तळाच्या जाळीवरची ओली शिट रोज पुसा आणि धुतलेला ट्रे पूर्ण वाळल्याशिवाय परत सरकवू नका. ट्रे आणि जाळी यांच्या मधल्या फटीत ओल राहते, गंजाची सुरुवात बहुतेक तिथेच होते.

तांबट
एक राहिलं. ब्लीचने स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. रोजच्या सफाईला कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण बास. निर्जंतुक करायची वेळ आलीच तर ब्लीच अगदी पातळ करा, पक्षी बाहेर काढून मगच वापरा, दहा मिनिटांत धुऊन टाका, आणि पिंजरा वाळून वास पूर्ण गेला की मगच पक्षी आत सोडा. वाळवायला केसांचा ड्रायर नको, काहींच्या आतल्या भागांना नॉनस्टिकचा थर असतो आणि तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. उन्हात ठेवा, नाहीतर फडक्याने पुसा.