अनुभव धागा: उपग्रह वरून गेला तेव्हा तुम्ही कुणाच्या शेतात होता?

मातीची_डबी:
काल माळा आवरताना पोत्यात बांधलेल्या अल्युमिनियमच्या चाळीस डब्या सापडल्या. झाकणावरचं मार्करचं अक्षर अजून वाचता येतंय, 'तूर ७, ०–५'. एकीच्या काठाला काळी माती तशीच. शिडीवरच बसून राहिले.

२०१६ चा खरीप, जालना जिल्हा. नासाचा स्मॅप उपग्रह वरच्या पाच सेंटीमीटर मातीतली ओल सांगतो, ती बरोबर आहे का हे आम्ही खाली मोजत होतो. त्याची एक चौकट ३६ किलोमीटरची आणि आमच्या डबीत मावणार मूठभर माती. त्यामुळे सगळा जीव शेतं निवडण्यात गेला. हलकी, मध्यम, भारी, शिवाय पीक वेगळं, पाणी वेगळं.

पास, म्हणजे उपग्रह वरून जायची वेळ, सकाळी सहाचा, म्हणून पाचला बांधावर. पावसानं ओढ दिली होती, तरी एका कपाशीत आकडे इतके वर, की प्रोब (मातीत खुपसून ओल मोजायचं यंत्र) बिघडला असं वाटलं. आजोबा दात घासत उभे होते. म्हणाले, "बाई, रात्रीची लाईट होती ना. दोनला मोटर टाकली, निम्मं भिजलं आन् लाईट गेली." शेतात मधोमध खरंच ओल्या-कोरड्याची रेघ होती. त्या दिवसापासून वहीत पहिला रकाना 'रात्रीची लाईट'. आजही माझं ठाम मत आहे, मोहीम आखताना पासच्या तारखांच्या शेजारी गावातल्या लाईटीच्या पाळ्या लिहिल्याच पाहिजेत.

तुमचंही लिहा ना.

गिरमिट:
पोळा!! नेमका पोळ्याच्या सकाळी पास. काकू म्हणाल्या, आज मातीला लोखंड लावू नका. ते शेत सोडलं, दुपारी त्यांच्याकडेच पुरणपोळी जेवलो. आता तारखा आल्या की आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढतो.

ओव्हनताई:
माते, नंबर फक्त झाकणावर? पोटात गोळा आला वाचून. आमच्याकडे धुताना झाकणांची अदलाबदल झाली आणि एका दिवसाचे सगळे नमुने गेले. रडले होते मी.
माती ओव्हनमध्ये वाळवायची, १०५ अंश, २४ तास. तेराव्या तासाला लाईट गेली की परत चालू करून वजन स्थिर होईपर्यंत थांबायचं. दार उघडल्यावर भाजक्या मातीचा वास येतो, तो अजून नाकात आहे. कुकरची शिट्टी झाली, येते.

मातीची_डबी:
बुडालाही खिळ्यानं कोरलाय गं नंबर 🙂

विनिपेगकर:
२०१२, कॅनडातलं मॅनिटोबा, कार्मन गावाच्या आसपास. स्मॅप उडायच्या तीन वर्षं आधीची रंगीत तालीम. पन्नासच्या वर शेतं, वरून विमान तसाच सेन्सर घेऊन जायचं आणि खाली आम्ही दोघादोघांच्या जोड्या. रेड नदीच्या बाजूची माती म्हणजे आपलं रेगडच, बुटाला चिकटली की किलोभर वजन. डास असे की बोलायला तोंड उघडायची भीती. कॅनोला फुलावर, पँट पिवळी.
पिकाची तुकडी वेगळी. रोपं कापायची, ओली तोलायची, वाळवून परत तोलायची. रोपातलं पाणीही उपग्रहाला दिसतं, ते वजा केल्याशिवाय मातीचं कळत नाही. मुलीला आणायला निघालोय, उरलेलं रात्री.

गिरमिट:
आणि उसात? आठ फुटी उसात घुसून घेतलेला नमुना कशाशी ताडायचा, हे मला कुणी सांगितलं तर पाय धरीन.

विनिपेगकर:
उसाचं शेत तुलनेला घेऊच नका. स्मॅपची अचूकतेची हमीच मुळी चौरस मीटरला रोपांतल्या ५ किलो पाण्यापर्यंतची आहे.

भेगाळ_रान:
अकोल्याकडची भारी जमीन. मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. प्रोबची एक सळई मातीत आणि दुसरी भेगेच्या पोकळीत, मग आकडा येणार खोटा कोरडा. प्रोबच्या कंपनीचं सूत्रही या चिकणमातीला चालत नाही, आपल्या मातीवर आपणच बसवायचं. त्यात ही माती फुगते-आकसते, म्हणजे घनतासुद्धा दर ओलीला निराळी. सिलिंडर ठोकून परत परत काढली. हाताला घट्टे पडले, पण सगळ्यात विश्वासानं सांगू शकतो ते काम तेच.

कुंडीवाली_मावशी:
मला यातलं फार कळत नाही, पण वाचतेय. मी बोट घालून बघते. मोगऱ्याची पानं पिवळी पडतायत, पाणी जास्त होतंय का?

ओव्हनताई:
मावशी, हो. दोन दिवस थांबा, खालचं भोक मोकळं आहे का बघा.

बांधावरचा:
मी पलीकडच्या बाजूचा. आमच्याच रानात आले होते मोजणारे, जालना जिल्हाच. समृद्धी महामार्गाची मोजणी तेव्हा ताजी होती. आजी सातबारा पदरात बांधून बांधावर बसली, हलेना. म्हणे माती नेतात, मग जमीन नेतात. त्यातल्या एका ताईनं बूट काढले, आजीजवळ बसून तिच्या हातची भाकरी खाल्ली, डबी उघडून दाखवली. मग आजीच म्हणाली, तिकडची घे, ती चांगली आहे.
वडिलांनी मूठ दाबून सांगितलं, "वाफसा आलाय, उद्या कोळपं धरतो." त्या ताईंनी ते शब्द आकड्याच्या बाजूला लिहून घेतले, मी बघितलं.
पण आकडा काय आला ते नंतर कुणी सांगायला आलं नाही. आजी दर पावसाळ्यात विचारायची, आपल्या मातीचं काय निघालं रे? आता ती नाही.

ओव्हनताई:
😔 आमच्याही आराखड्यात परत जाऊन सांगायचा दिवस कधी नव्हता.

मातीची_डबी:
बांधावरचा, तूर होती का तेव्हा? चिंचेजवळ विहीर?

बांधावरचा:
तूर होती. चिंच आहे अजून.

मातीची_डबी:
वही डब्यांखालीच होती. पान काढलंय. वाफसा शब्द माझ्याच अक्षरात आहे, शेजारी २९ टक्के. गाव व्यनि (खासगी निरोप) करा. वडील घरी कधी असतात?