बँकॉकमधले बोट नूडल्स: काय मागायचं, कसं मागायचं?

केतकी_के

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई बँकॉकला जातोय. हॉटेलातलं गोडमिट्ट पॅड थाई, म्हणजे ते परतलेले नूडल्स, नको आहे. तिथली माणसं दुपारी जिथे जेवतात तिथे बसून नूडल्स खायचेत. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या बोट (म्हणजे होडीवाल्या) नूडल्सबद्दल बरंच ऐकलंय. पण रश्श्यात रक्त घालतात म्हणे, खरं का? आम्ही दोघं पोर्क खातो, बीफ अजिबात नाही. सासूबाई पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. तिघांचं एका टेबलावर जमेल का? थाई कोणालाच येत नाही.

सुखुमवितकर

केतकीताई, बरीच वर्षं इथे राहतोय आणि माझं दुपारचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा हेच, तेव्हा सविस्तर लिहितो.

रक्त घालतात, आणि लपवून नाही. दुकानाच्या तोंडाशीच सगळा कारभार चालतो, उभं राहून बघा. बाई जाळीच्या झाऱ्यात नूडल्स घेऊन उकळत्या पाण्यात बुडवते, काही सेकंदांत झटकून वाटीत उलटते. वर मांसाचे काप, मग थोडं रक्त, आणि त्यावर उकळता रस्सा. त्या चटक्यानेच रक्त शिजतं आणि रस्सा काळपट, दाटसर होतो. दालचिनी आणि चक्रफुलाचा वास इतका पुढे असतो की सांगितल्याशिवाय कळणारही नाही. या प्रकाराला 'नाम तोक' म्हणतात. नकोच असेल तर 'माय साय लुअत' म्हणा, बिनरक्ताचं देतात. पण मग बोट नूडल्स खायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं माझं मत.

बीफचं सोपं आहे. 'मू' म्हणजे पोर्क, 'नुआ' म्हणजे बीफ. 'माय किन नुआ' एवढं म्हटलंत की पुरे. कोणी भुवया उंचावणार नाही, कारण इथले क्वान इम देवीचे भक्तही बीफ खात नाहीत आणि दुकानदारांना त्याची सवय आहे. मात्र जिथे दोन्ही विकतात तिथे झारा आणि पळी एकच असते. ते चालत नसेल तर फक्त पोर्कवालं दुकान शोधा.

मागताना आधी नूडल्सची जाडी सांगायची. सेन याई म्हणजे रुंद पट्ट्या, सेन लेक त्याहून अरुंद, सेन मी केसासारखे बारीक. हे तिन्ही तांदळाचे. बामी गव्हाचे, त्यात अंडं असतं. वुन सेन मुगाच्या पिठाचे, पारदर्शक. मग 'नाम' म्हणजे रश्श्यातले की 'हेंग' म्हणजे कोरडे, ते सांगायचं. पहिल्यांदा जाताय तर 'सेन लेक, नाम तोक, मू'. बोट दाखवलंत तरी काम होतं.

वाटी बघून दचकू नका, चार घासांत संपते. पूर्वी हे खरंच कालव्यातल्या होडीतून विकायचे. वल्हं, चूल आणि गिऱ्हाईक एकट्याने सांभाळायचं, त्यात मोठा वाडगा हिंदकळला की रस्सा पाण्यात, म्हणून वाट्या लहान, असं सांगतात. आता होड्या गेल्या, दुकानं कालव्याच्या काठावर आली, वाट्या तेवढ्याच राहिल्या. रिकाम्या वाट्या एकावर एक रचून ठेवायच्या, शेवटी त्याच मोजून बिल होतं. साधारण वीस बाथला एक वाटी धरा. सोबत कुरकुरीत डुकराची साल, थाई तुळस आणि कच्चे मोड येतात. तुळस हाताने तोडून गरम रश्श्यात टाका, वास लगेच बदलतो.

टेबलावर चार डब्या असतील: साखर, सुक्या मिरचीची पूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि फिश सॉस. आधी रस्सा चाखायचा, मग आपल्या जिभेप्रमाणे घालायचं. आचाऱ्याला त्याचा राग येत नाही, उलट तेच अपेक्षित असतं. नूडल्समध्ये साखर घालणारे थाई लोक बघून माझा अजूनही जीव कासावीस होतो, पण व्हिनेगरवालं मिश्रण अर्धा चमचा जरूर घाला.

सासूबाईंना तिथे नेऊ नका. निव्वळ भाज्या घातल्या तरी रस्सा हाडांचाच, वर फिश सॉस. त्यांच्यासाठी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेलं 'जे' दुकान बघा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. तुमचं काम तिथेच होतं. 'मांगसविरात' म्हणालात तर मात्र अंडं आणि लसूण येऊ शकतं.

खवय्या_नाना

सुखुमवितकर, +१. फक्त एक भर. भर दुपारी बारा ते एक जाऊ नका, ऑफिसातली सगळी गर्दी तेव्हाच उतरते आणि तुमच्या खुर्चीमागे माणूस उभा राहतो. अकराला जा. आणि पॅड थाईला इतकं हिणवू नका हो!

केतकी_के

नाना, हिणवत नाही, पण ते मूळचं अस्सल तरी आहे का?

सुखुमवितकर

प्राचीन नक्कीच नाही. नूडल्स परतण्याची पद्धत चिनी, आणि हा पदार्थ देशभर पोचला तो फिबुनसोंग्राम पंतप्रधान असताना. सयामचं थायलंड १९३९ साली झालं, त्याच राष्ट्रवादाच्या लाटेत त्यांच्या सरकारने हा पदार्थ उचलून धरला. सरकारी म्हणून बेचव नव्हे. महा चाय रस्त्यावर थिप समाई आहे, १९६६ पासूनचं, तिथे रांग लावून खा. पण सासूबाईंना तिथेही सांभाळा, पॅड थाईत सुकी कोळंबी, अंडं आणि फिश सॉस असतोच. फक्त 'कोळंबी नको' म्हणून भागत नाही.

केतकी_के

मग ठरलं. सासूबाई आणि मी आधी 'जे' दुकानात, त्यांचं झालं की त्या खोलीवर आराम करतील आणि आम्ही दोघं कालव्यावर. दुपारी तीनला चालू असतात का ही दुकानं?

सुखुमवितकर

बहुतेक चालू असतात, आणि तेव्हा बसायलाही मिळतं. पण रस्सा संपला की दुकान बंद, त्यामुळे फार उशीर नको. सुटे बाथ जवळ ठेवा, वीस बाथच्या वाट्यांसाठी हजाराची नोट पुढे केलीत तर बाई तुमच्याकडे बघेल ते मला आत्ताच दिसतंय.