मदत हवी आहे: शॉटगनमधून रन प्ले बसत नाहीत (१०-११ वर्षांची मुलं, अमेरिकन टॅकल फुटबॉल)

प्लेनोकर
डॅलसजवळच्या लीगमधला संघ, अकराविरुद्ध अकरा. मी सहायक कोच. मुख्य कोचना शॉटगन (क्वार्टरबॅक लाइनच्या काही यार्ड मागे उभा राहतो ती रचना) सोडायची नाही, कारण क्वार्टरबॅक (बॉल घेऊन प्ले चालवणारा) बुटका आहे आणि मागे उभा राहिला की त्याला मैदान दिसतं. पासिंग ठीक आहे, रनिंगमध्ये मात्र घोडं पेंड खातंय.

क्वार्टरबॅक ५ यार्डांवर, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) त्याच्या शेजारी, लाइनमध्ये (पुढचे पाच ब्लॉकर: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल) दोन-दोन फुटांची अंतरं. प्ले तीन: इनसाइड झोन (प्रत्येक ब्लॉकर आपल्या जागेत येईल त्याला अडवतो), पॉवर (एक गार्ड दुसऱ्या बाजूला येऊन वाट करतो), जेट स्वीप (आडवा पळत येणाऱ्याला बॉल). स्नॅप (सेंटरने मागे टाकलेला बॉल) वरचेवर क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून जातो. हँडऑफ (बॉल हातात देणं) होईपर्यंत समोरच्या संघाचा टॅकल आत घुसलेला असतो. आणि बॅक डावीकडे उभा असला की प्ले उजवीकडे जाणार, हे आता सगळ्यांना कळलंय. सरावाला आठवड्यात दोनच संध्याकाळी मिळतात. सुरुवात कुठून करू?

तिसरा_डाउन
स्नॅपपासून. तो सुधारेपर्यंत बाकी सगळं पाण्यात.

क्वार्टरबॅकला ४ यार्डांवर आणा. सेंटरला स्पायरल (गिरकी घेणारा बॉल) फेकायला लावू नका, डेड स्नॅप शिकवा: बॉलचं पुढचं टोक धरायचं, मनगट ताठ, हात खांद्यापासून लंबकासारखा मागे. बॉल न फिरता, तरंगत जातो. उंच जाण्याची कारणं बहुधा दोनच: मनगटाचा झटका, किंवा बॉल सुटायच्या आधीच कंबर वर येणं. नेम क्वार्टरबॅकच्या पट्ट्याच्या खाली. जमिनीवर पडलेला स्नॅप उचलता येतो. डोक्यावरून गेलेला पंधरा यार्ड खातो. आणि सराव नेहमी समोर ढालवाला (पॅड धरलेला खेळाडू) उभा करूनच घ्या. एकटा असताना सुरेख स्नॅप करणारा मुलगा ब्लॉक करायचा म्हटल्यावर घाई करतो.

झोन या वयात सोडून द्या. समोरचा तिरका घुसला की कोणी कोणाला घ्यायचं हे मुलांना ठरवता येत नाही. अंतरं दोन फुटांवरून वीतभर करा आणि पॉवर एकच नीट बसवा. प्लेच्या बाजूचे गार्ड आणि टॅकल डाउन ब्लॉक करतात, म्हणजे आतल्या बाजूच्या बचावपटूला अडवतात. एच-बॅक (लाइनच्या टोकामागे उभा असलेला ब्लॉकर) एंडला (बचावाच्या लाइनमधला टोकाचा खेळाडू) बाहेर ढकलतो, त्याचं डोकं एंडच्या आतल्या बाजूला हवं. मागच्या बाजूचा गार्ड पुल करून, म्हणजे लाइनमागून दुसऱ्या बाजूला पळत, एंडच्या आतल्या फटीतून लाइनबॅकरवर (बचावाच्या लाइनमागचा खेळाडू) जातो. पुलचं पहिलं पाऊल अर्धा यार्ड मागे पडलं पाहिजे, नाहीतर तो सेंटरच्या पायात अडकतो. बॅकने स्नॅपबरोबर सुटायचं नाही. एक छोटं पाऊल जागेवर, गार्ड पुढे गेला की मग बॉल. तो गार्डच्या आधी फटीत पोचला तर लाइनबॅकर मोकळाच असतो.

अंजीर_बर्फी
पॉवरबद्दल सहमत, पण फक्त पॉवरने दिशा लपत नाही. बॅक ज्या बाजूला उभा आहे त्याच बाजूचा एक प्ले हवाच. सोपा उपाय क्वार्टरबॅक पॉवर: ब्लॉकिंग तेच, बॅक लीड ब्लॉकर (पुढे पळून वाट करणारा) होतो, क्वार्टरबॅक स्वतः पळतो, हँडऑफच नाही. एक जास्तीचा ब्लॉकर फुकट मिळतो. बॉल द्यायचा की ठेवायचा हे मात्र हडलमध्येच (प्लेआधीच्या घोळक्यात) सांगा. एंडची हालचाल बघून ठरवणं दहा वर्षांच्या मुलावर टाकू नये.

दुसरा पर्याय पिस्टल. क्वार्टरबॅक ४ यार्डांवर आणि बॅक त्याच्या मागे ३ यार्डांवर, म्हणजे दिशा कळतच नाही. बॅक वेगात येऊन बॉल घेतो हा वरचा फायदा.

जेट स्वीपला हँडऑफऐवजी पुढे टाकलेला छोटा टॅप पास करा. बॉल हातातून सुटला तरी तो अपूर्ण पास, फम्बल (कोणीही उचलू शकेल असा सुटलेला बॉल) नाही. पावसात याची किंमत कळते. मोशनवाला (स्नॅपआधी आडवा पळणारा) जवळच्या टॅकलच्या मागे आला की स्नॅप. स्नॅपच्या क्षणी तो लाइनकडे सरकत नसावा, आणि त्याच्याशिवाय कोणी हलत नसावं.

तिसरा_डाउन
पिस्टलने स्नॅपचा प्रश्न सुटत नाही, म्हणून मी ती दुसऱ्या महिन्यात घेईन. क्वार्टरबॅक पॉवर मात्र लगेच.

प्लेनोकर
दोघांचेही आभार. एक शंका: नोज (बचावाच्या लाइनमधला मधला खेळाडू) अगदी सेंटरच्या डोक्यासमोर उभा राहतो. पुल करणाऱ्या गार्डची रिकामी जागा सेंटरने भरायची, तर नोजचं काय?

तिसरा_डाउन
तेव्हा ब्लॉकिंग बदला. सेंटर आणि प्लेच्या बाजूचा गार्ड मिळून नोजला घ्या, आणि रिकामी जागा मागच्या बाजूच्या टॅकलने आत पाऊल टाकून बंद करायची. मग त्या बाजूचा एंड मोकळा सुटतो, पण तो लांबून येतो. हँडऑफनंतर क्वार्टरबॅक रिकामे हात पोटाशी धरून त्याच्याच दिशेने तीन-चार पावलं पळाला की एंड तिथेच थबकतो. नोज डोक्यासमोर आहे की गार्डवर, हे सेंटरने स्नॅपआधी ओरडून सांगायचं. शब्द कोणताही चालेल, सगळ्यांचा एकच असला म्हणजे झालं.