मदत हवी आहे: आवाज आणि नेटवर्क एकत्र सुरू केलं की ४८६ पीसी गोठतो

खटपट्या: साउंड कार्ड एकटं चालतं, नेटवर्कही एकटं चालतं. दोन्ही एकदम वापरले की मशीन ठप्प, रीसेटशिवाय हलत नाही. एमएसडीत (डॉसचा तपासणी प्रोग्रॅम) आयआरक्यू ५ (कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हाक, देतं ती लाइन) मोकळा दिसतो, म्हणून नेटवर्कला तोच दिलाय. भांडण कुठे आहे ते कमांड लाइनवर कसं बघायचं? लवकर सांगा.

जंपरवाला: कार्डं कुठली? पोर्ट, म्हणजे कार्डाचा पत्ता, किती? नुसतं सेट टाइप करून ब्लास्टरची (साउंड कार्डाच्या सेटिंगची) ओळ इथे टाका.

खटपट्या: साउंड ब्लास्टर १६, अजून काय असणार! ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. नेटवर्क रिअलटेक ८०१९एएस, पोर्ट ३००. डॉस ६.२२.

जंपरवाला: मग उत्तर तुमच्याच ओळीत आहे. आय५ म्हणजे आयआरक्यू ५. आयएसए स्लॉटमधल्या दोन कार्डांना एक आयआरक्यू वाटून घेता येत नाही. एमएसडी फक्त इंटरप्ट कोणत्या प्रोग्रॅमने धरलाय ते बघतं, आणि साउंडचा इंटरप्ट गेम सुरू झाल्यावरच धरला जातो. त्याआधी ५ मोकळाच दिसणार. नेटवर्कला १० द्या. बूट होताना एफ५ दाबा, म्हणजे पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चढणार नाही, मग आरसेट८०१९ (कार्डाचा सेटिंग प्रोग्रॅम) चालवून जंपरलेस मोडमध्ये (सेटिंग कार्डातच साठतं) सेव्ह करा.

पेंग्विनकाका: त्यापेक्षा लिनक्सची फ्लॉपी लावा. पीएनपीडंप (प्लग अँड प्ले कार्डांची यादी देणारी कमांड) सगळं ओकतं.

जंपरवाला: काका, जंपरलेस मोडमधलं कार्ड पीएनपीडंपला दिसतच नाही. आणि लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स फाइलीत ड्रायव्हरने धरलेलेच आयआरक्यू येतात. एमएसडीचाच रोग.

पेंग्विनकाका: निदान तिथली आयओपोर्ट्स (पोर्टांची यादी) फाइल तरी वाचता येते. डॉसचा हट्ट कशाला?

मेमरीमास्तर: कॉन्फिग.सिसमध्ये डॉस=हाय,यूएमबी टाकलंय का? खालची मेमरी बरीच सुटते.

खटपट्या: मास्तर, मेमरी भरपूर आहे! १० केलं, गोठणं थांबलं. खबरदारी म्हणून पोर्टही ३२० केला, तर आता मिडी संगीताचा आवाज गेला.

जंपरवाला: पोर्टला हात लावायला कोणी सांगितलं होतं? नेटवर्क कार्ड ३२ पोर्ट व्यापतं, आणि पोर्टचे पत्ते षोडशमान (१६ च्या पायावर) असतात. ३२० दिलं की ३३एफपर्यंत जागा गेली, आणि मिडी ३३० वर आहे. ३६० दिलंत तर ३७८ वरचा प्रिंटर अडेल. ३०० किंवा ३४० ठेवा. मग मशीन बंद करून चालू करा, पुन्हा एफ५, आणि डीबगमध्ये (डॉसचं तपासणी साधन; आय म्हणजे पोर्ट वाच):

आय ३४ए
आय ३४बी

५० आणि ७० आलं तर कार्ड तिथेच आहे. दोन्हीकडे एफएफ आलं तर त्या पत्त्यावर कोणी नाही. ३५८ ते ३५एफ वाचू नका, कार्ड रीसेट होतं.

खटपट्या: ३४० केलं. ५०, ७० आलं. पण नेहमीसारखं बूट केलं की पॅकेट ड्रायव्हर म्हणतो कार्डच नाही!

जंपरवाला: ऑटोएक्झेकमधली (बूट होताना चालणारी फाइल) पॅकेट ड्रायव्हरची ओळ बदललीत का? एनई२००० ०एक्स६० १० ०एक्स३४० अशी हवी. १० दशमान आहे, त्याच्या पुढे ०एक्स (षोडशमानाची खूण) लावलंत तर १६ होईल.

खटपट्या: जुनीच होती. बदलली. दोन्ही चालतंय.

पेंग्विनकाका: तरी फ्लॉपी करून ठेवा.