शब्दचर्चा : अँप्लिफायरचा ‘स्टेटस’ मराठीत

सीताबर्डीकर : नमस्कार मंडळी. आमच्या प्रयोगशाळेत ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबचा, म्हणजे निर्वात नळीवर चालणारा, मायक्रोवेव्ह लहरींची ताकद वाढवणारा अँप्लिफायर आहे. तो बाजूच्या खोलीतून संगणकावर चालवतात. हाताखालच्या पोरांसाठी कमांड आणि स्टेटस कोडचा तक्ता मराठीत करून राहिलो आहे. कमांडला ‘आज्ञा’ लिहिलं. घोडं अडलं स्टेटसवर. ‘स्थिती’, ‘अवस्था’ की ‘दशा’? आणि लॅच झालेल्या, म्हणजे रीसेट करेपर्यंत तसाच दिसत राहणाऱ्या, फॉल्टला काय म्हणावं?

जुना ट्रान्समीटरवाला : ‘दशा’ नको भाऊ, साडेसाती आठवते. बाकीचे दोन्ही घ्या, पण कामं वाटून द्या. यंत्र एका वेळी एकाच अवस्थेत असतं : बंद, तापणं, तयार, प्रक्षेपण. स्थिती मात्र अनेक गोष्टींची एकदम कळवता येते. हीटर लागला का, झाकण बंद आहे का, ताबा पॅनेलकडे आहे की संगणकाकडे. स्टेटसच्या बाइटमध्ये आठ बिट असतात, एकेक बिट म्हणजे एकेका प्रश्नाचं हो किंवा नाही.

सगळ्यालाच ‘आज्ञा’ही म्हणू नका. संगणकाने मोजयंत्रांशी कसं बोलावं हे ठरवणारं आयईईई ४८८.२ हे १९८७चं मानक पाहा. यंत्राची ओळख विचारणाऱ्या ‘आयडीएन’च्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, यंत्र मूळ मांडणीवर आणणाऱ्या ‘आरएसटी’च्या नसतं. प्रश्नचिन्ह असलं की ती विचारणा, तिला उत्तर यायलाच पाहिजे. नसलं की आज्ञा. ती पाळून यंत्र गप्प राहतं.

सीताबर्डीकर : हे पटलं. मग अवस्थेच्या रकान्यात मी असं लिहिलंय : ‘ट्यूब गरम होऊन राहिली’.

कोथरूडची ताई : म्हणजे झाली ना गरम? मग हाय व्होल्टेज द्यायला हरकत नाही.

सीताबर्डीकर : अहो ताई, नाही! होऊन राहिली म्हणजे होत आहे. अजून झाली नाही.

जुना ट्रान्समीटरवाला : हाच शब्द बदला. नागपुरात ‘जेवून राहिला’ म्हणजे ताटावर बसलेला आहे, पुण्याच्या कानाला तो हात धुऊन मोकळा झाल्यासारखा वाटतो. इथे तर गोंधळ नेमका नाजूक जागी आहे. ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड पुरता तापण्याआधी हाय व्होल्टेज दिलं तर ट्यूब खराब होऊ शकते, म्हणून आतला टायमर साधारण ३ ते ५ मिनिटं ते रोखून धरतो. ‘तापत आहे’ आणि ‘तापली, तयार’ असं लिहा. बोलताना खुशाल ‘होऊन राहिली’ म्हणा.

कोथरूडची ताई : त्या मिनिटांत मी ‘चालू कर’ पाठवलंच तर?

जुना ट्रान्समीटरवाला : यंत्र नाकारेल. तेच मानक पाळणारं असेल तर इव्हेंट रजिस्टरमध्ये, म्हणजे घडलेल्या गोष्टी नोंदणाऱ्या बाइटमध्ये, १६ किमतीचा बिट लागेल : आज्ञा कळली, पण पाळता येत नाही. स्पेलिंग चुकवलंत तर ३२चा लागेल : आज्ञाच कळली नाही. दोन्हींसाठी ‘त्रुटी’ लिहून मोकळे होणारे तक्ते मी पाहिलेत. ते काहून छापतात, देव जाणे. एक इशाराही तक्त्यात टाका. हे रजिस्टर वाचलं की पुसलं जातं. दोन संगणक विचारत असतील, तर एकाला १६ मिळेल आणि दुसऱ्याला शून्य.

धरमपेठ : लॅचचं राहिलं. ‘नोंदलेला बिघाड’ कसा वाटतो?

कोथरूडची ताई : छान आहे. सरळ ‘बिघाड आहे’ चुकीचंच ठरेल. हेलिक्सचा, म्हणजे ट्यूबमधल्या तारेच्या वेटोळ्याचा, करंट क्षणभर वाढला, संरक्षणाने हाय व्होल्टेज तोडलं, आता करंट शून्य. बिघाड होऊन गेला, बिट मात्र तसाच.

जुना ट्रान्समीटरवाला : पण नुसती नोंद नाही ना ती, ताई. रीसेट करेपर्यंत यंत्र पुन्हा चालू होऊ देत नाही. मला ‘कडी लागलेला बिघाड’ बरा वाटतो. बाहेरून कडी लागली की कोणीतरी येऊन काढल्याशिवाय दार उघडत नाही. रीसेटला ‘कडी काढणे’. फक्त कारण पाहिल्याशिवाय कडी काढू नये, हे ठळक अक्षरात छापा.

धरमपेठ : चला, कडी मान्य. पण परिभाषा कोशवाले नाक मुरडतील.

सीताबर्डीकर : मुरडू देत. तक्ता यंत्राशेजारी लागणार आहे. आता शेवटचं : रिमोट आणि लोकलला ‘दूरस्थ’ आणि ‘स्थानिक’?

जुना ट्रान्समीटरवाला : ‘स्थानिक’ वाचून पोरं विचारतील, कोणत्या वस्तीचा? रकान्याचं नाव ‘ताबा’ ठेवा आणि खाली ‘रिमोट’, ‘पॅनेल’ लिहा. ‘रिमोट’ घराघरात कळतो.